चोवीसचं टोक

जोतिबाच्या चैत्र यात्रेत लेन्स बदलता येत नाही. वाडी रत्नागिरीच्या पायऱ्यांवर सासनकाठ्या नाचत असतात, ‘चांगभलं’चा गजर उठतो तसा गुलाल मुठीमुठीनं वर जातो आणि तो खाली बसायच्या आत पुढची मूठ उधळलेली असते. एक लेन्स काढून दुसरी लावायला सरावलेल्या हातालाही दहा-बारा सेकंद लागतात. तेवढा वेळ कॅमेऱ्याच्या आतला, प्रतिमा टिपणारा सेन्सर उघडा. गुलाल फार बारीक असतो, घामेजल्या बोटांना चिकटतो आणि फुंकून निघत नाही. त्याचा एक कण सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत, मोकळ्या आकाशात, त्याच जागी डाग दिसतो. म्हणून डोंगर चढण्याआधी खालीच जी लेन्स लावाल, तीच दिवसभर.

आता त्या एका लेन्सकडे आपण काय काय मागतो ते बघा. पायऱ्यांवरून सगळं आवार, दीपमाळा आणि माणसांचा गुलाबी पूर एकाच चौकटीत मावायला हवा. लगेच काठी पेलणाऱ्याचा चेहरा हवा, मानेच्या ताणलेल्या शिरांसकट. आणि नजर वर गेली की शिखराच्याही वर डोलणारं काठीचं टोक हवं. हे तिन्ही क्षण दोन मिनिटांच्या आत येऊन जातात आणि तिघांनाही वेगवेगळी फोकल लेंग्थ लागते. हा मिलिमीटरमधला आकडा लहान असला की चौकटीत जास्त रुंदी मावते, मोठा असला की दूरचं जवळ दिसतं.

आमच्याकडे अशा जागा पुष्कळ आहेत. गुऱ्हाळात लेन्स काढली तर काहिलीची वाफ कॅमेऱ्याच्या पोटात जाते. तालमीत माती उडते. गगनबावड्याला पावसाळ्यात छत्रीखाली उभं राहिलं तरी पाऊस आडवा येतो. त्यामुळे ‘सगळं करणारी एकच झूम’ ही नवशिक्यांची किंवा आळशी माणसांची गरज आहे, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. फिरताना फोटो काढणाऱ्याची ती खरी गरज आहे. प्रश्न एवढाच, की सगळं करणारी म्हणजे नेमकं काय करणारी?

दुकानात याचं उत्तर आकड्यात मिळतं. अठरा-दोनशे, अठरा-तीनशे, अठरा-चारशे. पहिला आकडा लेन्सच्या रुंद टोकाचा, दुसरा दूरच्या टोकाचा. दुसरा आकडा जितका मोठा तितकी लेन्स अष्टपैलू, असा सरळ हिशोब. माझं मत नेमकं उलट आहे आणि ते मी ठामपणे मांडणार आहे: प्रवासाची झूम निवडताना पहिला आकडा बघावा, मग उजेड बघावा, मग जवळून किती टिपते ते बघावं, आणि दुसऱ्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी जावं. काही सोडायचंच असेल तर दूरचं टोक सोडावं. जवळचं टोक सुटलं तर प्रवासच हातातून सुटतो.

या आकड्यांना थोडा इतिहास आहे. स्थिरचित्रांच्या, पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम १९५९ मध्ये आली, फोक्टलेंडर झूमार. तिची रचना फ्रँक बॅक यांची. पल्ला होता ३६ ते ८२ मिमी आणि उजेड आत घेणारं छिद्र एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. पुढे १९९२ मध्ये टॅमरॉननं २८-२०० आणली आणि एकाच लेन्सवर सहल उरकायची कल्पना सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. त्यानंतर काय वाढलं? २८-३००, डिजिटलच्या लहान सेन्सरसाठी १८-२००, १८-३००, मग २०१७ मध्ये टॅमरॉनचीच १८-४००, आणि २०२४ मध्ये निकॉनची २८-४००. वाढ बहुतेक उजव्या बाजूची आहे. लहान सेन्सरवरचे अठरा म्हणजे निकॉन-सोनीच्या दीडपट हिशोबानं फुल-फ्रेमचे, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरचे, सत्तावीस, कॅननच्या १.६ पट हिशोबानं जवळपास एकोणतीस. इतक्या वर्षांत डावीकडचा आकडा बहुतेकदा अठ्ठावीसच्या आसपासच घुटमळत राहिला. काही लेन्सेस चोवीसपर्यंत आल्या, कॅननची २४-२४० किंवा निकॉनची २४-२०० अशा, पण त्या मोजक्याच. रुंद टोक आणखी रुंद करायचं आणि त्याच नळीत दूरचंही बसवायचं, हे काम काच घडवणाऱ्यांना फार अवघड जातं. दूरचं टोक वाढवणं त्या मानानं सोपं, आणि खोक्यावर छापायलाही ते मोठं दिसतं.

अठ्ठावीस आणि चोवीस यात चारच मिलिमीटरचा फरक आहे, त्यानं असं काय बिघडतं, असं वाटू शकेल. याचं उत्तर खिद्रापूरला जाऊन मिळतं.

कोल्हापूरहून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत शिरताना आधी स्वर्गमंडप लागतो. गोल मंडप, मध्ये जमिनीवर एक प्रचंड गोल शिळा, तिच्याभोवती बारा खांबांचं कडं, आणि वर तेवढंच गोल आकाश. छताला मुद्दाम ठेवलेलं हे उघडं वर्तुळ तेरा फुटांच्या आसपास आहे. सगळे मिळून अठ्ठेचाळीस खांब, कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे कातल्यासारखे गोल, आणि एकाच खांबात हे सगळे आकार खालून वर एकामागोमाग येतात. या मंडपात उभं राहिलं की माणूस आपोआप वर बघतो. मग त्याला तेच फोटोत हवं असतं: वरचं आकाश, त्याची दगडी किनार, आणि खालची शिळा, तिघंही एकत्र.

आणि इथे मागे सरकायला जागा नाही. दोन पावलं मागे गेलं की पाठीला खांब लागतो, आणखी मागे गेलं की तोच खांब चौकटीत आडवा येतो. पाच मीटरवरच्या गोष्टीचा आडवा फोटो घेतला तर फुल-फ्रेमवर चोवीस मिमी साडेसात मीटर रुंदी टिपते, अठ्ठावीस मिमी साडेसहाला थोडी कमी. मीटरभराचा फरक. मंडपात तो मीटर म्हणजे पुढचा अख्खा खांब, आणि तो खांब आत आला की वर्तुळ वर्तुळासारखं वाटायला लागतं. तो बाहेर राहिला तर फोटोत चार खांब दिसतात, मंडप दिसत नाही.

कुणी म्हणेल, तीन-चार फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडता येतात की. येतात. दगडांचे येतात. पण सकाळी एखादी आजी शिळेजवळ येऊन वाकून नमस्कार करते तेव्हा ती जोडकामासाठी थांबत नाही. उलट दूरचं मात्र नंतर मिळवता येतं. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर १०५ मिमीनं काढलेला फोटो कापून २०० मिमीइतका केला तर साडेसहा मेगापिक्सेल उरतात. पुस्तकाच्या पानाएवढा प्रिंट त्यातून नीट निघतो. कापून दूर जाता येतं, कापून रुंद होता येत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा एवढाच आहे.

खिद्रापूर अजून एक गोष्ट शिकवतं. देवळाच्या बाहेरून, पायथ्याशी गजपट्ट फिरतो. दगडी हत्तींची रांग, जणू अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर घेतलंय. हे हत्ती बघायला उकिडवं बसावं लागतं. एखाद्याच्या झुलीवरची नक्षी किंवा गळ्यातली घंटा हवी असेल तर लेन्सला जवळ जाता आलं पाहिजे. इथे मॅग्निफिकेशनचा आकडा कामाला येतो, आणि तो आकडा विकत घेताना बहुतेक जण वाचतही नाहीत. निकॉनच्या २४-१२० एफ/४ चा तो ०.३९ आहे, सोनीच्या २४-१०५ एफ/४ चा ०.३१, कॅननच्या आरएफ २४-१०५ एफ/४ चा ०.२४. अर्थ असा, की पहिली लेन्स साधारण सव्वानऊ सेंटीमीटर रुंदीची वस्तू चौकटभर करते, तिसरीला त्यासाठी पंधरा सेंटीमीटरची वस्तू लागते. कोल्हापुरात फिरताना हा फरक पावलोपावली जाणवतो. चप्पल लाईनीत कारागीर चामड्याची वेणी पट्ट्यावर बसवतो ती बोटभर जागा, गुजरीत काट्यावर ठेवलेला कोल्हापुरी साज, हुपरीतलं चांदीचं बारीक काम. प्रवासातल्या आठवणी बऱ्याचदा हातभर अंतरावर असतात.

आता उजेडाकडे येतो.

पहाटे तालमीत गेलात तर उजेड म्हणजे काय ते कळतं. गंगावेश असो की मोतीबाग, आखाडा आत असतो, खोल, थंड. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला, त्याचा वास दारातच येतो. उजेड एखाद्या उंच खिडकीतून तिरपा उतरतो आणि जोडीच्या खांद्यांवर पडतो. बाकी सगळं अंधुक. फोटोला विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे इथे आपसूकच समजतं. मी विचारलं तेव्हा वस्ताद म्हणाले, “काढा की. पर लाईट मारू नका. पोरांचं ध्यान जातंय.” फ्लॅश गेला. आता लेन्समध्ये जेवढं येईल तेवढ्यावर भागवायचं.

पैलवान हलतात. झटापटीतला डाव पकडायचा तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही. मग उजेडाची कसर आयएसओनं, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवून, भरून काढायची. अशा उजेडात एफ/२.८ ला आयएसओ ३२०० वर काम होत असेल, तर एफ/४ ला ६४०० लागतो आणि एफ/६.३ ला १६,०००. शेवटच्या आकड्याला तांबडी माती तांबडी राहत नाही, करड्या ठिपक्यांचा थर होतो. अंगावरच्या मातीचा रंगच गेला तर त्या फोटोत उरलं काय?

लेन्स किंवा कॅमेरा हाताची थरथर सावरतो, ही सोय इथे कामाची नाही. ती आपला हात सावरते, पैलवानाचा डाव नाही. पंचगंगा घाटावर त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे हजारो पणत्या लागतात, तिथे मात्र ती सोय मोलाची आहे. पणत्या जागच्या जागी असतात, पाव सेकंदापर्यंत हातात धरून फोटो मिळतो. पण पणती ठेवणारी मुलगी मान वळवते, तिचं काय? पुन्हा छिद्रच मोठं लागतं.

छिद्र लहान का होत जातं हे समजून घेतलं तर राग राहत नाही. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ३०० मिमीला एफ/२.८ हवं असेल तर व्यास १०७ मिलिमीटर लागतो. एवढी काच गळ्यात अडकवून पन्हाळा कोण फिरणार? म्हणून लांब पल्ल्याच्या झूममध्ये छिद्र एफ/६.३ वर आणतात, तेव्हा व्यास अठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो आणि लेन्स पिशवीत मावते. यात फसवणूक काही नाही, हा सौदा आहे. फक्त त्या सौद्यातली एक बाजू नीट दिसत नाही: छिद्र तीनशेला पोचल्यावर लहान होतं असं नाही, ते वाटेतच लहान होत जातं. पन्नास-सत्तरला, म्हणजे माणसाचा चेहरा ज्या फोकल लेंग्थला छान येतो तिथेच, बराच उजेड गेलेला असतो. उलट २४-१०५ किंवा २४-१२० मध्ये एफ/४ शेवटपर्यंत एफ/४ राहतं. १०५ ला त्यासाठी सव्वीस मिलिमीटरचा व्यास पुरतो, म्हणून ही लेन्स साडेसहाशे-सातशे ग्रॅममध्ये बसते. २४-७० एफ/२.८ आणखी उजळ खरी, पण सत्तरला थांबते, आणि त्यातल्या बऱ्याच आठशे-नऊशे ग्रॅमपर्यंत जातात.

मधल्या वाटेची एक लेन्स मला मनापासून आवडते, सोनीसाठीची टॅमरॉन २८-२०० एफ/२.८-५.६, २०२० मधली. पावणेसहाशे ग्रॅम, आणि पन्नासला अजून एफ/४ च्या आत. तालमीत ती चालते, खासबागेत तर चालतेच. फक्त खिद्रापूरला तो एक खांब बाहेर राहतो.

खासबागेचं नाव निघालं म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी उभं केलेलं हे मैदान कुस्तीसाठीच बांधलेलं, मध्ये हौदा आणि भोवती उतरत्या मातीवर बसलेली माणसं. कुठूनही कुस्ती दिसते, पण प्रेक्षकांतून १०५ मिमीला पैलवान लहानच येतात. इथे २०० लागतं, मान्य. तरी मी तिथे कुस्तीकडे पाठ करून प्रेक्षकांचे फोटो काढतो. डाव पडला की हजारो माणसं एकदम उठतात, फेटे उडतात, म्हातारे मुठी वळतात. त्यांच्यासाठी चोवीस ते पन्नास भरपूर होतं. आणि कुस्तीचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्यापेक्षा चांगला येतोच.

पन्हाळ्यावर लोक दूरचं टोक हमखास वापरतात. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मराठ्यांच्या लष्करी वास्तूंबरोबर हा गड जागतिक वारसा यादीत आला, तेव्हापासून कॅमेरेही जास्त दिसतात. सज्जा कोठीच्या गच्चीवरून समोर दरी, मग शेतं, मग डोंगरांच्या रांगा. अशा वेळी बोट आपोआप झूम फिरवतं: तीनशे, चारशे. घरी येऊन बघावं तर फिकट, धुरकट, कडा विरघळलेल्या. लेन्सला दोष देऊ नका. मोठ्या लेन्सनं डोंगर जवळ दिसतो, मधली हवा तेवढीच राहते. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे उसाचं पाचट पेटतं, त्याचा धूर आठवडेच्या आठवडे खोऱ्यात साचून असतो. उन्हं चढली की जमिनीवरची हवा थरथरते. अशा हवेतून दहा किलोमीटरवरचं काही टिपायचं तर कितीही महाग काच असो, हवेचाच फोटो येतो. पावसानं उघडीप दिल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळी दोन तास हवा स्वच्छ असते, तेव्हाच त्या चारशेला अर्थ आहे. त्याच गडावर तीन दरवाजाच्या कमानीखाली उभे राहा, किंवा अंबारखान्याच्या गार अंधारात, किंवा अंधारबावीच्या पायऱ्यांवर. पुन्हा मागे सरकायला जागा नाही, पुन्हा उजेड कमी. गड म्हटला की आपल्याला दूरचं दृश्य आठवतं, पण गडाचे चांगले फोटो बहुतेक आतल्या दगडांजवळ मिळतात.

थंडीतल्या गुऱ्हाळाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऊस चरकात जातो, रस काहिलीत येतो, चुलवाणात चिपाडं धडधडत असतात. भेंडीच्या पाण्यानं रसातली मळी वर येते, ती काढत राहायची. गुळव्या काहिलीजवळून हलत नाही. रंग आणि फेस बघून तो ठरवतो की आता उतरवायची, आणि त्या क्षणी चार माणसं एकदम धावतात. काहिल कलते, पाक वाफ्यात पसरतो, सोनेरी, जड, सगळीकडे वाफ. मी त्यांच्या अंगाखांद्याशी उभा असतो, चोवीस-पस्तीसच्या मध्ये. मग लगेच वाफेतून गुळव्याचा चेहरा, सत्तर-ऐंशीला. डिसेंबरच्या पहाटे बाहेरच्या थंडीतून एकदम आत गेलं तर काच क्षणात धुकटते. म्हणून कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच आत जावं, दहा-पंधरा मिनिटं ऊब घेऊ द्यावी, तोवर चहा किंवा ताजी काकवी घ्यावी, गप्पा माराव्यात. तेवढ्यात माणसं ओळखीची होतात आणि कॅमेरा बाहेर आल्यावर कुणी अवघडत नाही. बहुतेक झूम फिरवल्या की त्यांची नळी पुढे-मागे होते आणि सोबत बाहेरची हवाही आत ओढली जाते. म्हणून वाफेत आणि गुलालात सांध्यांना रबरी बंदोबस्त असलेली लेन्स घ्यावी. ती पूर्ण जलरोधक नसते, पण फरक पडतो.

हे शहर कॅमेऱ्याला नवखं नाही. १९१८ च्या सुमाराला बाबुराव पेंटरांनी इथे चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्या काळी झूम नव्हती. चेहरा जवळून हवा तर कॅमेरा तिपाईसकट उचलून जवळ न्यायचा, दृश्य रुंद हवं तर मागे. मला वाटतं, जवळ जाऊन काढलेला चेहरा आणि लांबून ओढून आणलेला चेहरा यांत डोळ्यांचा फरक असतो. जवळ गेलेल्याला समोरचा माणूस बघत असतो. दूरच्या टोकानं टिपलेला माणूस आपल्याला बघतच नाही, त्याला आपण आहोत हेच माहीत नसतं. प्रवासात मला पहिल्या प्रकारचे फोटो हवे असतात. महाद्वार रोडवरच्या फूलवाल्या मावशींना आधी “काढू का?” विचारावं, त्या पदर सारखा करतात, मग हसतात, मग फोटो.

माझ्या भाचीनं यंदा कॅमेरा घेतला, लहान सेन्सरचा सोनी. लेन्स मात्र घेतली नव्हती. मैत्रिणींबरोबर बदामी-ऐहोळे-हंपी करायचं ठरलंय. “मामा, दुकानदार म्हणतोय फुल-फ्रेमवालीच घ्या, चोवीस-एकशेपाच, पुढं बॉडी बदलली तरी चालंल. घेऊ?” मी नको म्हटलं. तिच्या सेन्सरवर चोवीस म्हणजे छत्तीस. खिद्रापूरच्या मंडपात छत्तीस म्हणजे दोन खांब. पुढे कधीतरी येणाऱ्या बॉडीसाठी आजचं रुंद टोक गहाण ठेवू नये. मग अठरा-तीनशे? तिच्या वडिलांना ती हवी होती, कारण एका लेन्समध्ये सगळं. त्यांना म्हटलं, तुम्ही काशी-रामेश्वर करायला निघालात, दिवसाउजेडी फोटो, गाडीतून उतरून पुन्हा गाडीत, तर डोळे झाकून तीच घ्या, चांगली आहे, काही खोट नाही. हिला गुंफांत शिरायचंय.

तिला मोबाईलमधले जुने फोटो उघडायला लावले. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण चोवीस ते सव्वीसच्या बरोबरीचा असतो. फोटोची माहिती उघडली की कुठली लेन्स वापरली ते कळतं. तिचे बहुतेक फोटो मुख्य कॅमेऱ्याचे निघाले, चेहऱ्यांचे थोडे दुप्पट झूमचे, आणि पाचपट-दहापटचे जे होते ते रंकाळ्यावरच्या सूर्याचे. सूर्याबद्दल एक सांगतो: सेन्सरवर त्याची प्रतिमा फोकल लेंग्थच्या एकशे-दहाव्या भागाएवढी पडते. १०५ ला जेमतेम एक मिलिमीटर, ४०० ला साडेतीन. मोठा सूर्य हवा असेल तर मोठी लेन्स लागतेच, त्याला इलाज नाही. पण ती रंकाळ्यावर जाते ती भेळ खायला आणि माणसं बघायला. मावळतीनंतर चौपाटीवरच्या गाड्यांचे दिवे लागतात आणि पाण्यावर निळा उजेड उरतो, तेव्हाचे तिचे फोटो मला जास्त चांगले वाटले.

तिनं शेवटी टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ घेतली. तिच्या सेन्सरवर ती २५ ते १०५ होते, सव्वापाचशे ग्रॅम आहे आणि शेवटपर्यंत एफ/२.८ राहते. फुजीवाल्यांनाही ती मिळते, किंवा त्यांची स्वतःची १६-८० एफ/४ आहे. फुल-फ्रेमवाल्यांना मी २४-१०५ किंवा २४-१२० सांगेन, आपापल्या कंपनीची. विकत घेण्याआधी भाड्यानं आणून एक रविवार खिद्रापूरला जावं. कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांमुळे लेन्स भाड्यानं मिळतात, लग्नसराई सोडून. जुनी घेणार असाल तर मागून टॉर्च मारून काचेत बघा. आमच्या पावसात बुरशी फार लवकर धरते, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळत असली तरी परत ठेवा.

बदामीला ती तिसऱ्या गुंफेत जाईल. इसवी सन ५७८ चा लेख आहे तिथे, खांबांवरच्या जोड्या आहेत, आणि व्हरांडा अरुंद आहे. सतराला भिंतीला पाठ टेकून उभं राहा, एवढंच तिला सांगितलंय. आल्यावर पावसाळा लागेल, तेव्हा लेन्स कपाटात नको, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आत दमटपणा चाळीस-पन्नास टक्के राहिला पाहिजे, तो दाखवणारा छोटा काटा मिळतो. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरायची.

दाजीपूरचे गवे मात्र उरतात. पावसाळ्यानंतर जंगलात जायचंय, तिलाही आणि मलाही. गवा शंभर फुटांवर दिसला तरी पुढे जायचं नसतं, म्हणून तिथे १०५ चा काही उपयोग नाही. त्या दोन दिवसांसाठी १००-४०० भाड्यानं आणायची असं ठरलंय. भाडं अर्धं-अर्धं.